वाण, बियाणे आणि कीड-रोग : विदर्भातील शेतकऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरिपाच्या तोंडावर आणि पुन्हा वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात पुन्हा सांगितलेली नाही. तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जनुकीय विविधता म्हणजे नेमके काय? आमच्या गावात दहा पिके होतात, म्हणजे विविधता आहेच ना?

दहा पिके होणे ही पिकांची विविधता झाली. जनुकीय विविधता एकाच पिकाच्या पोटात असते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या चिन्नोर, हिरानखी, लुचई अशा जाती जुन्या लोकांना पानावरून ओळखता येत. एखादीचा दाणा बारीक आणि वासाचा, एखादी उंच वाढून लोळणारी, एखादी कमी पाण्यावर निभावून नेणारी. हे फरक त्यांच्या जनुकांत असतात आणि बियाण्याबरोबर पुढच्या पिढीत जातात. गावरान वाण, सुधारित वाण, संशोधन केंद्रातील पैदाशीचे साहित्य आणि पिकाचे रानटी नातेवाईक या सगळ्यांना मिळून जननद्रव्य म्हणतात. तुमच्या गावात दहा पिके असतील, पण प्रत्येकाचा एकच वाण सगळ्या वावरांत असेल, तर या अर्थाने विविधता फारच थोडी उरली आहे.

२. पण त्याचा कीड-रोगाशी काय संबंध? रोग आला की औषध फवारतोच ना आपण?

या प्रश्नाचे उत्तर सापडले ते आपल्या ओळखीच्या पिकात, म्हणजे जवसात. हेरॉल्ड फ्लोर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात जवस आणि त्यावर पडणारा तांबेरा यांचा अभ्यास करून दाखवून दिले, की जवसाच्या ज्या जनुकामुळे वाण तांबेऱ्याला दाद देत नाही, त्या प्रत्येक जनुकाच्या समोर तांबेऱ्याच्या बुरशीतही एक जोडीचे जनुक असते. बुरशीतील ते जनुक बदलले, की वाणाचे कुलूप उघडते. म्हणजे रोगप्रतिकार हा वाणाचा एकट्याचा गुण नसून तो वाण आणि त्या ठिकाणची बुरशी या दोघांच्या नात्यावर ठरतो. बुरशी किंवा कीड बदलत राहते, म्हणून वाणाच्या बाजूनेही नवे जनुक हाताशी असावे लागते, आणि ते जननद्रव्यातूनच मिळते. प्रयोगशाळेत शून्यातून घडवता येत नाही.

ते मिळणे किती दुर्मिळ असते, याचे धानातील उदाहरण पाहण्यासारखे आहे. ग्रासी स्टंट नावाच्या विषाणूरोगावर उपाय शोधताना फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांतून उपयोगी ठरला तो ओरायझा निवारा या रानटी धानाचा उत्तर प्रदेशातून गोळा केलेला एकच नमुना. पुढे आय. आर. ३६ सारख्या वाणांत हा गुण त्यातूनच आला. कोणी त्या वेळी तळ्याकाठचे ते गवत निरुपयोगी म्हणून सोडून दिले असते, तर शोधाला दुसरी जागा नव्हती.

उलट बाजू अमेरिकेने १९७० साली पाहिली. तेथील सुमारे ८५ टक्के मक्याच्या संकरित बियाण्यात एकाच प्रकारचा नरवंध्य (परागकण न देणाऱ्या मादी झाडाच्या) पेशीद्रव्याचा स्रोत वापरला होता. पानावरील करप्याच्या बुरशीचा नेमका त्यालाच लागणारा प्रकार आला आणि एका हंगामात देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले. बियाणे वेगवेगळ्या नावांनी विकले जात होते, पण आत सगळे सारखेच होते.

फवारणीचे म्हणाल, तर ती लागतेच. मात्र ती शेवटचा बांध आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. ज्या वाणाला दोन फवारण्या कमी लागतात, तो वाण पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाचेही रक्षण करतो.

३. गावरान वाणाला कीड-रोग लागत नाही, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे, आणि या अर्ध्या खऱ्यानेच घोटाळा होतो. गावरान कापूस, म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, उत्तर भारतात हाहाकार माजवणाऱ्या पाने मुरडवणाऱ्या (लीफ कर्ल) विषाणूला प्रतिकारक आहे आणि तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींनाही अमेरिकन कापसापेक्षा चांगले तोंड देतो. परंतु बोंडअळी त्यालाही लागते. धानाच्या उंच गावरान जाती गादमाशीला बळी पडताना आम्ही स्वतः बांधीत पाहिल्या आहेत. चंदेरी पोंगे त्यांतही निघतात.

गावरान वाणाची ताकद वेगळ्या ठिकाणी असते. पिढ्यान् पिढ्या निवडलेले असले, तरी त्याची झाडे एकमेकांशी तंतोतंत सारखी नसतात. त्यामुळे रोग आला, की काही झाडे जातात आणि काही उभी राहतात. उत्पादन बहुधा सुधारित वाणापेक्षा कमी येते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ज्याचे पोट दोन एकरांवर आहे, त्याला सगळे वावर गावरान वाणाखाली घालायला सांगणे आम्हांला पटत नाही. एका कोपऱ्यात गावरान वाणाच्या चार ओळी जिवंत ठेवणे मात्र बहुतेकांना जमते.

४. पिशवीवर ‘मर रोगास प्रतिकारक’ छापले होते, तरी तूर वाळली. फसवणूक झाली का?

झाली असेलही, पण आधी झाड पाहा. वाळलेले झाड उपटून खोड उभे चिरा. आत काळपट-तपकिरी रेषा वर चढत गेलेली दिसली आणि बाहेर बुंध्यापासून जांभळट पट्टा असला, तर ती फ्युजेरियम बुरशीची मर आहे. जमिनीलगत खोडावर खोलगट तपकिरी चट्टा आहे, झाड तेथूनच मोडते आणि वावरात पाणी साचले होते, तर तो फायटोफ्थोरा करपा आहे. मर रोगाला प्रतिकारक असलेला वाण त्याला रोखीलच असे नाही. झाड हिरवे, फांद्यांनी गच्च, पाने लहान व फिकट, पण फुलच नाही, असे असेल तर तो वांझ रोग. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या एरिओफिड कोळ्यामार्फत पसरतो.

‘मारुती’ म्हणजे आय. सी. पी. ८८६३ हा तुरीचा वाण याचे चांगले उदाहरण आहे. महाराष्ट्रातील एका गावरान वाणातून निवडलेला हा वाण मर रोगाला भक्कम आहे, पण वांझ रोगाला बळी पडतो. दोन्हींना तोंड देणारा ‘आशा’ म्हणजे आय. सी. पी. एल. ८७११९ नंतर आला. म्हणून पिशवीवरील ‘प्रतिकारक’ हा शब्द कोणत्या रोगापुढे लिहिला आहे, तेवढे वाचावे. ‘सहनशील’ हा शब्द आणखी वेगळा: त्या वाणाला रोग लागतो, पण नुकसान कमी होते.

मरीची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे राहते. त्याच वावरात दरवर्षी तूर घेतली, तर प्रतिकारक वाणावरही ताण वाढत जातो. ज्वारीचा फेरपालट किंवा तुरीत ज्वारीचे आंतरपीक घेतल्याने मर कमी होते. आपल्याकडची ज्वारी गेली, तसा हा उपायही हातून गेला.

५. बीटी कापूस आहे, तरी गुलाबी बोंडअळी येतेच कशी?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडे लांब आहे.

भारतात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. त्यात जिवाणूपासून घेतलेले, बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणारे एक जनुक होते. २००६ साली दोन जनुकांचा बोलगार्ड-२ आला. सुरुवातीची वर्षे चांगली गेली. पण विविधता फक्त पिकातच असते असे नाही, ती अळीतही असते. लाखो अळ्यांमध्ये एखादी विष पचवणारी निघते. बाकीच्या मरतात, ती जगते, आणि पुढची पिढी तिची होते. गुजरातमध्ये पहिल्या जनुकाला दाद न देणारी गुलाबी अळी सापडली; पुढे बोलगार्ड-२ चाही तसाच अनुभव आला आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, डोळ्यांदेखत गेली.

मग हिरवी म्हणजे अमेरिकन बोंडअळी अजून तशी का उठली नाही? कारण ती तूर, हरभरा, टमाटर अशा अनेक पिकांवर वाढते. त्या पिकांत बीटी नाही. तेथे विषाला बळी पडणारे पतंग तयार होत राहतात आणि विष पचवणाऱ्या पतंगांशी त्यांचा संकर होऊन तो गुण पातळ होतो. गुलाबी अळीचे पोट मात्र जवळजवळ कापसावरच अवलंबून आहे. सगळा शिवार बीटीचा असेल, तर तिला जगण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे विष पचवणे.

यात दोन गोष्टी आपल्याकडच्या आहेत. एक, आपले बीटी संकरित वाणांत आहे. संकरित झाडाच्या बोंडातील सरकी सारखी नसते: काही दाण्यांत दोन्ही जनुके उतरतात, काहींत एकच, काहींत एकही नाही. गुलाबी अळी नेमकी सरकीतच राहते, म्हणजे एकाच बोंडात तिला विषाच्या वेगवेगळ्या मात्रा चाखायला मिळतात आणि सवय लागते. दोन, फरदड. पाणी आहे म्हणून पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली, की अळीला ऐन अडचणीच्या काळात घर मिळते. अमेरिकेने बीटीबरोबर वंध्य पतंग सोडणे, पऱ्हाटी वेळेत नष्ट करणे असे सगळे एकदम करून २०१८ साली ही कीड त्यांच्या देशातून संपल्याचे जाहीर केले. एकट्या बियाण्याने ते झाले नाही.

वावरात काय करायचे, तर फुलांच्या दिवसांत डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या गुंडाळून गुलाबासारख्या दिसणाऱ्या कळ्या, तोडून अळीसकट नष्ट करा. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली असे समजा. बोंडे फोडून पाहा. वीस बोंडांत दोन किडकी निघाली, तरी नुकसानीची पातळी गाठली गेली. लवकर येणारा वाण घेणे आणि डिसेंबर संपताना वावर मोकळे करणे हे दोन निर्णय बाकी सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगाचे ठरतात, असे आमचे मत आहे.

६. पाकिटात बिगर-बीटी बियाणे कशाला घालतात? आम्ही ते फेकून देत होतो.

पूर्वी ४५० ग्रॅम बीटीबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटीचे वेगळे पाकीट असे. विष न पचवणारे पतंग तयार व्हावेत म्हणून ते वावराच्या कडेने पेरायचे होते. कारण वरच्या उत्तरात आले आहे. अळीसाठी कोणी जागा राखावी, हे पटणे अवघडच होते, त्यातून त्या पाकिटातील बियाण्याची उगवणही अनेकदा वाईट असे. त्यामुळे ते धुऱ्यावर पडून राहिले. आता हे बियाणे पाकिटातच मिसळून येते. वावरात काही झाडे वेगळी आणि अळीने जास्त पोखरलेली दिसली, तर लगेच बियाणे बोगस निघाले असे समजू नये.

७. संकरित कापसाची सरकी ठेवून पुढच्या वर्षी पेरली तर?

उगवेल, पण पीक एकसारखे येणार नाही. संकरित वाणाच्या पुढच्या पिढीत गुण फुटतात. कोणी झाड उंच, कोणी बुटके, बोंडांचा आकार वेगळा आणि बीटीचे जनुक काही झाडांत गायब. घरचे बियाणे ठेवायचे असेल, तर सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण निवडावा. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे कापसाचे सरळ वाण आहेत. त्यांत गावरानचे ए. के. ए. मालिकेतील वाणही आहेत. अशा वाणांची ओळ थोडी दाट ठेवावी लागते, हे विसरू नका.

८. ‘चोर बीटी’ स्वस्त पडते आणि निंदणही वाचते. मग अडचण काय आहे?

तणनाशक सहन करणाऱ्या त्या कापसाला देशात लागवडीची परवानगी नाही, ही पहिली अडचण. दुसरी जास्त जवळची आहे: पाकिटावर नाव-गाव खोटे, पावती नाही, आतला वाण कोणता ते विकणाऱ्यालाही माहीत नाही. उगवले नाही तर तक्रार कोणाविरुद्ध करणार? कीड-रोगाच्या दृष्टीने पाहिले, तर त्यात बोंडअळीला मारणारे जनुक किती आणि कसे आहे याची खात्री नसते. मजूर मिळत नाहीत ही अडचण खरी आहे आणि ती केवळ कायद्याचा धाक दाखवून सुटणारी नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

९. सोयाबीन आणि तुरीचे बियाणे घरचेच वापरावे का?

वापरावे, पण दोन्ही पिकांची रीत वेगळी आहे.

सोयाबीन स्वपरागी आहे. शेजारच्या वाणापासून तीन मीटर अंतर असले तरी पुरते आणि वाण शुद्ध राहतो. त्याची कमजोरी दाण्याच्या सालात आहे. साल इतके नाजूक, की पोते उंचावरून आपटले तरी उगवण जाते. मळणी यंत्राचे फेरेही कमी ठेवावे लागतात. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा आणि पाच-सहा दिवसांनी मोजा. शंभरातले सत्तर धडधाकट उगवले, तर शिफारशीइतके बियाणे पुरे. त्याहून कमी असले तर बियाण्याचे प्रमाण वाढवा, आणि फारच कमी असेल तर ते तेलाला पाठवा.

तुरीत मधमाश्या परागण करतात. शेजारी दुसरा वाण असेल, तर तुमच्या ‘शुद्ध’ तुरीत त्याचे गुण शिरतात, आणि दोन-चार वर्षांत मर रोगाचा प्रतिकार विरळ होत गेल्याचे लक्षातही येत नाही. बियाण्यासाठी निदान शंभर मीटर वेगळे राहणारे वावर, किंवा ते नसेल तर आपल्या वावराचा मधला भाग निवडावा. शेंगा एका-दोन मस्त झाडांच्या न घेता पन्नास-साठ निरोगी झाडांच्या घ्याव्यात, म्हणजे वाणातील उरलीसुरली विविधता टिकते.

एक घरचा अनुभव: आमच्याकडे एका वर्षी तूर पुरती वाळण्याआधीच प्लास्टिकच्या डब्यात बंद केली. जूनमध्ये डबा उघडला तेव्हा आंबूस वास आला आणि शंभरात तेवीस दाणे उगवले. आजी मडक्यात राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची, त्याला आम्ही हसत होतो.

१०. आमच्याकडे सगळ्यांनी एकच सोयाबीन पेरले आहे. त्यात धोका आहे का?

आहे. जे. एस. ३३५ हा १९९४ चा वाण विदर्भात इतकी वर्षे इतक्या मोठ्या क्षेत्रावर राहिला, की पिवळा मोझॅक आणि खोडकुजीसमोर सगळा शिवार एकाच वेळी उघडा पडू लागला. २०२३ च्या सप्टेंबरात शेंगा भरण्याआधीच पिवळी पडलेली वावरे अनेकांनी पाहिली. वाण वाईट होता असे नाही, त्याने अनेक घरे उभी केली. सगळीकडे तोच होता, ही अडचण होती. पीडीकेव्ही अंबा, सुवर्ण सोया, फुले संगम असे पर्याय आता आहेत. तीन एकर असतील, तर दोन वाण, वेगवेगळ्या कालावधीचे, इतके पुरे. मिसळून पेरण्याविषयी पुढचा प्रश्न पाहा.

११. मग दोन वाण एकत्र मिसळून पेरले तर चालेल का?

धानात याचा मोठा प्रयोग चीनच्या युनान प्रांतात झाला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. करप्याला बळी पडणारा चिकट भात प्रतिकारक वाणाच्या ओळींमध्ये लावला, तेव्हा त्यावरील करपा ९४ टक्क्यांनी कमी झाला. बुरशीच्या बीजाणूला पुढचे झाड आपल्या जातीचे सापडले नाही, की साथ मंदावते.

आपल्याकडे अडचण बाजाराची आहे. दाणा वेगळा, तर गिरणीवाला भाव पाडतो. कापसात धाग्याची लांबी मिसळली, तर जिनिंगवाला. म्हणून ओळीओळीने वेगळे पेरावे आणि वेगळे कापावे. असे ओळीओळीने पेरायच्या दोन्ही वाणांचा कालावधी सारखा हवा. आणि मिसळून पेरलेल्या वावरातून बियाणे कधीही ठेवू नये.

१२. संत्र्याच्या बागेत विविधता कुठून आणायची? सगळी कलमेच असतात.

बरोबर आहे. वरचे नागपुरी संत्रे डोळा भरून केलेले असल्याने बागेतील झाडे एकमेकांची नक्कल असतात. पण खाली खुंट, म्हणजे ज्यावर डोळा भरतात ते मुळाकडचे रोप, असतो आणि तो निवडता येतो. जंबेरीवरील झाडे जोमाने वाढतात, मात्र डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाला, नाजूक. रंगपूर लिंबाचा खुंट त्या बाबतीत अधिक टिकाऊ. भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत हा फरक स्पष्ट दिसतो. रोपवाटिकेत कलमाची उंची सगळेच विचारतात, खुंट कोणता ते मात्र क्वचितच विचारले जाते.

१३. माझे बियाणे मी दुसऱ्याला दिले किंवा विकले, तर गुन्हा होतो का?

नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकरी आपल्या शेतातील बियाणे ठेवू शकतो, पेरू शकतो, देवाणघेवाण करू शकतो आणि विकूही शकतो. वाण दुसऱ्याच्या नावे नोंदलेला असला तरी हा हक्क आहे. फक्त त्या वाणाचा ब्रँड किंवा लेबल लावून विकता येत नाही. परवानगी नसलेल्या जनुकीय बदलाच्या बियाण्याला (प्रश्न ८) ही मुभा लागू होत नाही.

तुम्ही स्वतः निवडून तयार केलेला वाण असेल, तर त्याची याच कायद्याखाली शेतकरी वाण म्हणून नोंदणीही होते आणि शेतकऱ्याला शुल्क माफ आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या मोजक्या लोंब्या हेरून एच. एम. टी. धान निवडला. तो देशभर पसरला तेव्हा हा कायदा नव्हता. आज अशी निवड या कायद्याखाली शेतकऱ्याच्या नावे नोंदता येते.

१४. जनुकपेढीत बियाणे दिले, तर ते आमच्या हातून जाते का?

तुमच्या वावरातील बियाणे तुमच्याकडे राहतेच. पेढीत नमुना जातो. राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नवी दिल्लीतील पेढीत साडेचार लाखांहून अधिक नमुने उणे १८ अंश तापमानाला ठेवलेले आहेत, आणि ब्युरोचे एक प्रादेशिक केंद्र अकोल्यात आहे. नमुना देताना गाव, तालुका, स्थानिक नाव, कोण किती वर्षे पेरत आले आणि वाणाचा खास गुण, हे सगळे लिहून द्यावे. या माहितीशिवायचा नमुना पाकीटबंद दाण्यांपलीकडे फारसा काही राहत नाही. त्याआधी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत वाणाची नोंद करून घ्यावी. पुढे हक्काचा प्रश्न आला, तर तीच पहिली लेखी खूण असते.

१५. रोही आणि रानडुक्कर न खाणारा वाण आहे का?

नाही. कुसळे असलेले धान डुक्कर थोडे टाळते असे जुने लोक सांगतात, पण भुकेल्या कळपापुढे ते टिकत नाही. हा प्रश्न कुंपणाचा आणि वनखात्याच्या भरपाईचा आहे.

१६. घरात जुन्या मिरचीचे मूठभर बी सापडले. उगवेल की नाही माहीत नाही. काय करावे?

सगळे एकदम पेरू नका. निम्मे बी वाळलेल्या राखेसह काचेच्या बरणीत घट्ट बंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. उरलेल्या निम्म्यातील दहा दाणे आधी कुंडीत घालून पाहा. जुन्या बियाण्याला कोंब यायला दुप्पट दिवस लागतात, म्हणून आठवड्यात माती उपसू नका. दोन रोपे जरी जगली, तरी पहिल्या वर्षीची एकही मिरची खायची नाही, सगळी बियाण्यासाठी. मिरचीत परपरागण होते. शेजारी संकरित मिरची असेल, तर फुले उमलण्याआधी झाडावर जुन्या साडीचा पातळ कपडा बांधा आणि फळ धरल्यावर काढा. बरणीवर वाणाचे नाव आणि साल लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.